झाकणाची खुर्ची

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गेरूची दोरी. सागाची फळी ओट्यावर आडवी टाकलेली. दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं तिच्याकडे. सुताराच्या घरातल्या बाईला हे येतंच. टोक अंगठ्याखाली दाबायचं आणि हलायचं नाही. मी मधून दोरी उचलून सोडली की फळीवर लाल रेघ उठते. तीस वर्षं तिनं टोक धरलं, रेघ कधी वाकडी गेली नाही. चैत्राचं ऊन होतं, देवपुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तिच्या ओठांची सालं निघाली होती.

मी म्हणालो, "आधी पाणी पी."

"पिसू. पहिले रेघ मारा."

रेघ मारली. ती आत गेली. पाणी प्यायली की नाही ते मी बघितलं नाही, कारण करवत हातात होती आणि फळी व्याह्यांच्या खुर्चीची होती.

ही गोष्ट आपलं मराठी राज्य झालं त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी सुतार. गाडीची चाकं, वखर, दारं-खिडक्या हे पोटाचं काम. बाकी मी जे काही केलं त्याला लोक सुताराचे चाळे म्हणायचे. मांजर शिंक्याला लोंबकळतं असं ती म्हणाली, म्हणून विहिरीची जुनी कप्पी आढ्याला बसवली. दोरी सोडली की शिंकं खाली, ओढली की वर. लेक तान्ही होती तेव्हा म्हणाली, भाकरी थापू की पाळणा हलवू. मग पाळण्यापासून चुलीपर्यंत एक दांडी नेली, पायाच्या अंगठ्यानं दाबली की झोका जायचा. बाज दिवसभर घर अडवते म्हणाली, तर बाजेला बिजागऱ्या लावून ती भिंतीला उभी केली. फैजपूरकडचे केळीवाले मुद्दाम बघायला आले आणि तसलं शिंकं करून घेऊन गेले. लोक म्हणायचे, सुताराचं डोकं भारी. ती आत बसून ऐकायची. मी एकदाही म्हणालो नाही की कुरकुर तिची असते, मी फक्त ठोकतो.

आणि एक खोड. मला साधं करता येत नाही. हात थांबत नाही. शिंक्याच्या कप्पीवरही मी पोपट कोरला होता. मांजराशिवाय तो कोणाला दिसणार होता, देव जाणे.

तिचे गुडघे गेले ते मला दिसलं नाही. शेजारच्या अक्कानं सांगितलं. अक्का म्हातारी, एकटी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोरबाळ नाही. बोलायला तिखट. मी रंधा मारत होतो, ती काठी टेकत आली आणि समोर उभी राहिली.

"भाऊ, तुमले डोळा शेतस का?"

"काय झालं अक्का?"

"तुमनी घरवाली दुपारपासून पानी पीत नही. रातले चतकोर भाकर खास. का बरं, इचारं का कधी?"

"भूक नसेल."

"भूक शे. तिले खाली बठता येत नही."

मग तिनं उघडच सांगितलं. आमच्याकडे बायका उजाडायच्या आत टमरेल घेऊन नाल्याकडे जात. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही, आणि फिरकत नसल्यामुळं तिकडे काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही. हिला उकिडवं बसता येईना. बाभळीची फांदी धरून कसंबसं. दोन दिवसांपूर्वी फांदी सुटली आणि ही मागं पडली. अक्का उचलायला वाकली, तर तीही तिच्या अंगावर पडली. दोघी म्हाताऱ्या तिथं ओंडक्यासारख्या पडून राहिल्या. आधी हसल्या. मग उजाडायला लागलं, तशा रडायला लागल्या.

मी म्हणालो, "मला बोलली नाही ती."

अक्का म्हणाली, "नवराले हे कोन सांगस? तुमनी माय सांगे का तुमना बापले?"

मी रंधा खाली ठेवला.

मी आठ दिवसांत खुर्ची केली. सागाचे तुकडे पडले होते ते वापरले. बसायच्या जागी गोल भोक, त्यावर बिजागरीचं झाकण, खाली बंद पेटी, पेटीत सरकवायला राख घातलेलं पत्र्याचं घमेलं. झाकण लावलं की कोणाला कळू नये, एवढीच माझी अक्कल. न कळावं म्हणून ती चांगली दिसली पाहिजे, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर हात थांबला नाही. खुर्चीच्या हातांवर वेल काढली, पाठीवर दोन मोर, कडेनं पितळी खिळे.

तिनं बघितली आणि पदर तोंडाला लावला. "यावर तर कलेक्टर बठी. मी कशी बठू?"

"झाकण उघड, मग कलेक्टर नाही बसायचा."

खुर्ची मागच्या पडवीत ठेवली. घमेलं मी उचलायचो, अक्का नाल्याकडून यायच्या आत, परसातल्या खड्ड्यात. पहिल्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, नवऱ्यानं हे करायचं, मला पाप लागेल. मी म्हणालो, पाप मी घेतो, तू पाणी पी. आणि ती प्यायला लागली. फाल्गुनात एकदा कळण्याच्या दोन भाकरी खाऊन तांब्याभर पाणी प्यायली आणि ढेकर दिली. माझ्यासमोर ढेकर देणं तिला आयुष्यभर कधी जमलं नव्हतं. तो एक महिना आमचा बरा गेला.

मग व्याही आले.

लेक भुसावळला दिलेली. जावई रेल्वेत, व्याहीसुद्धा रेल्वेतून सुटलेले. रेल्वेच्या वसाहतीत राहिलेला माणूस, अंगात कोट, बोलणं शहरी. मनानं वाईट नाहीत. धुळ्यात कोणाच्या तरी लग्नाला आले होते, न कळवता आमच्याकडे उतरले. पाय धुवायला परसात गेले, येताना पडवीत खुर्ची दिसली.

"याहीबुवा, हे काय? एवढी देखणी खुर्ची, आणि मागं अंधारात ठेवली?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि बैठकीत आणून तिच्यात बसले. मोरांना पाठ टेकली. हात वेलीवरून फिरवला. मग बोटानं खाली टकटक केली.

"पोकळ वाजतंय. आत काय ठेवता?"

मी म्हणालो, "कागदं."

"कसली?"

"घराची. लग्नाच्या पत्रिका वगैरे."

"वा. म्हणजे चोर आला तरी तुम्ही कागदांवर बसलेले. डोकं आहे बुवा तुम्हाला." आणि हसले. मीसुद्धा हसलो. दाराआड ती उभी होती, पदराचा बोळा तोंडात. मला वाटलं, हसतेय.

निघताना ते म्हणाले, "आमच्या बैठकीत अशीच एक पाहिजे. अखजीच्या सणाला सूनबाई माहेरी येईलच, परत येताना तिच्याबरोबर पाठवा. लोकांना दाखवतो, आमच्या याहीबुवांचं काम."

लेकीच्या सासऱ्यानं तोंडानं मागितलं. नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. आणि मला नाही म्हणायचंही नव्हतं. छाती फुगली होती माझी. मी शब्द दिला.

ते गेल्यावर मी खुर्ची उचलून पडवीत नेली. ती म्हणाली, "कशाले नेतस? आते माले तीवर बठता येवाव नही."

"का? धुतलेली आहे. परत पुसतो."

"लेकीचा सासरा बसला तीवर. ती आता त्याची जागा झाली. उद्या त्याला कळलं, आपण कशावर बसलो होतो, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल. तिची सासू भांडी घासताना ऐकवेल, दळताना ऐकवेल. तुझ्या मायनं माझ्या नवऱ्याला संडासात बसवलं म्हणेल. आज बसला तोपर्यंत माफ, त्याला माहीत नव्हतं. पण मी आता तीवर बसले तर मी जाणूनबुजून केलं."

मी पुष्कळ समजावलं. असलं काही डोक्यात बसलं की ते निघायचं नाही. शेवटी मी म्हणालो, "ठीक. तुला दुसरी करतो. साधी. मोडकी दिसेल अशी करतो, कोणी बसणार नाही."

"आधी याहींची करा. शब्द दिला तुम्ही. अखजी जवळ आली."

हे ती म्हणाली. पण तिनं म्हटलं म्हणून मी ऐकायला नको होतं. साधी खुर्ची म्हणजे एका दिवसाचं काम. चार पाय, एक फळी, एक भोक. मोर नाही, वेल नाही. अर्धा दिवसही पुरला असता. मी मनात म्हणायचो, उद्या. आणि त्या बारा-तेरा दिवसांत व्याह्यांच्या खुर्चीला मोरांच्या जोडीला हत्ती काढायला घेतले.

ती परत अक्काबरोबर नाल्याकडे जायला लागली. परत दुपारनंतर पाणी बंद. मला माहीत होतं. यावेळी अक्काला सांगायला यावं लागलं नाही. मी रोज बघत होतो आणि रोज म्हणत होतो, पाणी पी. पाणी पी म्हणायला काय लागतं.

गेरूची दोरी धरली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. चैत्रात गोधडी मागितली. लघवीला आग होत होती, ते तिनं सांगितलं नाही, तिच्या तोंडावरून कळलं. टांगा केला, पूल ओलांडून धुळ्यात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं विचारलं, "बाई पाणी पितात का पुरेसं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पिते की." मी गप्प बसलो. परक्या माणसापुढं तिला खोटं पाडायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. घरी आणल्यावर मीच तिला पडवीत त्या खुर्चीवर उचलून ठेवायला गेलो. तिनं माझ्या हाताला चावा घेतला. तापातसुद्धा.

भुसावळला तार केली. लेक आली तेव्हा हिला कोण आलंय ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ही गेली. डॉक्टर म्हणाला, आतून सुकल्या होत्या, विष चढलं. मग काय, चार जण जमले, पांझरा नदीवर नेली, संध्याकाळच्या आत आटोपलं. व्याही आले होते. भडाग्नी देईपर्यंत माझ्या बाजूला उभे होते. रात्रीच्या गाडीनं चाळीसगावमार्गे परत गेले. जाताना हात धरून म्हणाले, "याहीबुवा, खुर्चीची घाई नाही आता." चांगला माणूस. त्यांचा काही दोष नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा घरात बायका भिंतीला टेकून झोपलेल्या. चूल पेटायची नव्हती. मी परसात जाऊन तोंड धुतलं. गल्लीतून अक्का चालली होती, हातात टमरेल, दुसऱ्या हातात काठी. एकटी. उजाडून गेलं होतं, तिला उशीर झाला होता. रात्रभर आमच्याकडेच बसली होती ती. दोन पावलं टाकायची, थांबायची.

मी पडवीत गेलो आणि खुर्ची अंगणात आणली. पेचकस घेतला आणि झाकणाच्या बिजागऱ्या काढल्या. झाकण बाजूला टाकलं. आता ती काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. मग पटाशी घेतली आणि मोरांवर मारली. पहिल्या घावाला लेक बाहेर आली.

"आबा, काय करताय? सुतकात हत्यार? आणि ही तर मामंजींनी..."

"बस इथं," मी म्हणालो. आणि तिला सगळं सांगितलं. घमेल्याचं, नाल्याचं, तिच्या सासऱ्याचं, तिच्या मायनं पाणी का सोडलं त्याचं. लपवलं नाही काही. माय लेकीसाठी गप्प राहिली, मग लेकीला माहीत नको? मला वाटलं, रडेल किंवा मला बोलेल. तिनं झाकण उचलून भोकावर ठेवून बघितलं, परत काढलं.

"सासूबाई ऐकवतील म्हणून?" ती म्हणाली.

"हो."

"सासूबाई तशाही ऐकवतातच." एवढंच म्हणाली. उठली आणि खुर्चीचे पुढचे दोन पाय धरले. मी मागचे धरले.

दिवसाढवळ्या गल्लीतून नेली. पाराखाली चार जण दातण करत बसले होते. एक म्हणाला, "भाऊ, सुतकात खुर्ची कोठे?"

"अक्काच्या परसात," मी म्हणालो. "तिला उकिडवं बसता येत नाही. माझ्या बायकोलाही येत नव्हतं. तुझ्या मायला येतं का, विचार घरी जाऊन."

तो दातण चघळत राहिला.

अक्का नाल्याच्या वळणापर्यंतही पोचली नव्हती. लेकीनं तिला हाक मारून परत आणलं. परसात तट्ट्याच्या आडोशाला आम्ही खुर्ची ठेवली. चार पाय नीट टेकवले, एक डुगडुगत होता, त्याखाली खापरी सरकवली. लेकीनं राखेचं घमेलं आत सारलं. मी सांगितलं, रोज सकाळी येऊन मी घमेलं नेईन. अक्का काठीवर वाकून मोरांच्या जागी पडलेले खड्डे बघत होती. मला वाटलं काही तरी बोलेल, हिच्याबद्दल.

"आते जा दोन्ही," ती म्हणाली. "अठे उभा राहीसन काय दखतस?"

आम्ही तट्ट्याच्या बाहेर आलो.