लाल काढू नका

देवाने जगातली सगळी चिकाटी एकाच माणसात कोंबली आणि तो माणूस नेमका माझा साडू झाला. माझी बायको थोरली, त्याची मधली, म्हणजे मानाने मी वरचा. पण सासुरवाडीला जेवणाच्या पाटापासून अल्बमच्या पहिल्या पानापर्यंत सगळा मान त्याचा. पेडण्याच्या बाजारात त्याचं खिळे-कुलपांचं दुकान आहे. ते चालतं की नाही हे त्याच्या बायकोलाच ठाऊक, कारण हा गळ्यात कॅमेरा अडकवून कधी केरीच्या किनाऱ्यावर, तर कधी आमच्या डिचोलीच्या रस्त्यावर. कॅमेरा माझ्याकडेही होता, त्याच्या आधीपासून होता आणि त्याच्यापेक्षा महाग होता. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे, कुणाला त्याचं काही वाटलेलं नाही.

रोल आम्ही दोघेही म्हापशाच्या एकाच लॅबमध्ये द्यायचो. त्यांनी तेव्हा नवीन मशीन आणलं होतं. रोल धुतला की त्यात स्कॅन व्हायचा आणि फोटो सीडीवर मिळायचे. स्कॅन कसा करू, असं मशीनवाला विचारायचा. मी म्हणायचो, बरा दिसेल तसा कर, आणि समोर जाऊन भजी खाऊन यायचो. सुटसुटीत काम. माझा साडू मात्र स्टूल ओढून मशीनपाशी ठाण मांडायचा. काठ कापायचे नाहीत, सावल्या उजळायच्या नाहीत, कुणाला गोरं करायचं नाही. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात हॅलोजनच्या उजेडात सगळं वऱ्हाड पिवळंधमक दिसत होतं, तेही त्याने तसंच ठेवायला लावलं. मी म्हटलं, अख्ख्या मांडवाला कावीळ झालीय. सासूबाई म्हणाल्या, हळद किती छान उठून दिसते! माझ्या फोटोंत नवरी कशी दुधासारखी स्वच्छ आली होती. ती सीडी अजून त्यांच्या टीव्हीखाली पाकिटातच आहे.

पण खरा छळ लाल रंगावरून. ज्यांनी खाणीच्या दिवसांतली डिचोली पाहिली नाही त्यांना सांगतो, लोहखनिजाच्या मातीचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे आणि कुंपण, तुळस, वाळत घातलेली चादर, सगळ्यावर लाल धूळ बसायची. ते फोटो स्कॅन करताना मशीनला वाटायचं, फिल्मच बिघडली आहे, आणि ते आपणहून लाल काढून टाकायचं. मला तर ते मशीन देवमाणूस वाटलं. आमच्या घरात लाल हा रंग नव्हताच, तो मळ होता. आईची उभी हयात तो धुण्यात गेली. साडूला मात्र तो हवा. एकदा या गृहस्थाने आमच्या फाटकाजवळची धूळ पुडीत बांधून नेली, मशीनवाल्यापुढे सोडली आणि म्हणाला, असा रंग यायला पाहिजे. मशीनवाला शिंकून शिंकून बेजार झाला, कीबोर्ड पुसत बसला, पण लाल काढला नाही. मळ जपून ठेवण्यात कसली हौस, असं मी चिडून विचारलं तेव्हा साडू शांतपणे म्हणाला, "भाऊ, मशिनाक ती चूक दिसता. माका तो तुमचो गांव दिसता."

पेडण्यात ज्याच्या चादरी पांढऱ्या वाळतात त्याला हे बोलायला काय जातं!

माझे वडील सिंधुदुर्गातून येऊन इथे मातीच्या ट्रकावर ड्रायव्हर झाले आणि म्हातारे होईपर्यंत तेच केलं. त्यांनी ट्रक सोडला त्या दिवशी आम्ही दोघेही कॅमेरे घेऊन हजर होतो. नव्या घराच्या बसायच्या खोलीत बाबांचा एक मोठा फोटो लावायचा होता, आणि तो मी काढलेला असावा एवढीच माझी इच्छा होती. अल्बम त्याला दिला, सासूबाई दिल्या, पण बाप माझा होता. मी लॅबमध्ये भजीसुद्धा न खाता उभा राहिलो आणि लाल पार काढून घेतला. धुतल्या तांदळासारखे बाबा आले. साडूच्या फोटोत भुवया लाल, कानाच्या पाळ्या लाल, खांद्यावरचा पंचा लाल. आम्ही दोन्ही फोटो बाबांपुढे ठेवले. बाबांनी माझा उचलला, जवळ नेला, लांब धरला आणि मला विचारलं, "ह्यो कोण?"

मग दुसरा बघून म्हणाले, "ह्यो मी."

झालं. साडूचा फोटो भिंतीवर गेला. रंगाचं एक वेळ मी गिळलं असतं. तेवढ्या मोठ्या मनाचा मी आहे. पण त्या फोटोत बाबा हसताहेत, सगळे दात दाखवून. मी कॅमेरा उचलला की हेच बाबा शर्टाचं वरचं बटण लावतात आणि रेशनकार्डाचा चेहरा करतात. मी त्यांना असं हसताना पाहिलेलंच नव्हतं. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, माझा बाप दुसऱ्याच्या जावयाकडे... म्हणजे जावई आम्ही दोघेही एकाच घरचे, पण मला काय म्हणायचंय ते लक्षात आलं असेल.

बरेच दिवस हे मनात सलत होतं. खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, आमची तुळस हिरवी झाली तरी सलत होतं. शेवटी एका रविवारी तो जेवायला आला असताना मी विचारलंच, की त्या दिवशी बाबांना असं काय सांगितलंस. तो माशाचा काटा काढण्यात गुंतला होता. मान वर न करता म्हणाला, "काय ना भाऊ. तुमी ल्हान आसतना तांच्यावांगडा ट्रकार बसताले काय, इतलेंच विचारिल्लें."

मी बसायचो. बाबांच्या शेजारी, उशी घालून, हॉर्न वाजवायचं काम माझ्याकडे असायचं. बाबांना ते आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. म्हणजे ते हसू माझंच होतं, आणि तेसुद्धा या माणसाने पेडण्याहून येऊन काढून नेलं. त्याचा हेवा काही कमी झाला नाही, उलट वाढला.

हल्ली संध्याकाळी मी बाबांशेजारी सोप्यावर जाऊन बसतो. काहीतरी विचारावं असं फार वाटतं. तो साडू कसं विचारतो कोण जाणे; माझं आपलं, गोळी घेतली का, इथवर येऊन थांबतं.