एक जून आणि फॉरेनची ओळ

आमच्या मराठी मंडळात एक विनोद ठरलेला असे. उन्हाळी पिकनिकची तारीख ठरवायला बसलं की कुणीतरी म्हणायचंच, "एक जूनला ठेवा हो, अर्ध्या मंडळाचा वाढदिवस एकाच केकात उरकेल." सगळे हसायचे. मीही हसायचो, जरा उशिरा.

माझा वाढदिवस एक जून. म्हणजे पासपोर्टवरचा. विदर्भातल्या आमच्या गावी शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी बाबांना विचारलं, "पोरगा कधीचा?" बाबा म्हणाले, "पोळ्याच्या आगेमागे." पोळा श्रावण संपताना येतो, शाळा त्याच्या आधीच उघडते. तेवढ्यासाठी पोराचं वर्ष कशाला वाया घालवायचं, म्हणून मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. वर्गातली निम्मी मुलं एक जूनचीच होती. त्यात काही खोटं आहे असं कुणाला वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, अमेरिकेत एका बेसबॉल क्लबच्या हिशेब खात्यात नोकरीला लागेपर्यंत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "हा खेळ कळतो?"

"नाही. क्रिकेट कळतं."

"उत्तम. कळणाऱ्यांनीच आमच्या बजेटचं वाटोळं केलंय."

साहेब मला नावाने हाक मारायचे आणि मीही त्यांना नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता. मी मारायचोही. मनात मात्र ते कायम साहेबच राहिले.

बजेटमध्ये अमेरिकन मुलांचं सोपं होतं. त्यांचा ड्राफ्ट व्हायचा, म्हणजे सगळ्या टीम पाळीपाळीने मुलं निवडायच्या, त्यामुळे कुणावर साधारण किती खर्च येणार याचा अंदाज बांधता यायचा. परदेशातल्या मुलांना ड्राफ्ट नव्हता. जो आधी पोचेल आणि पटेल तेवढे पैसे देईल, त्याचा मुलगा. मग अंदाज कशावरून बांधणार? आमच्याकडे त्या सगळ्यासाठी एकच ओळ होती: 'फॉरेन'. वर्षाला एक ठोक रक्कम. डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन बेटावरच्या देशातला आमचा स्काऊट, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणारा म्हातारा, त्यातूनच पेट्रोल भरायचा, मैदानाचं भाडं द्यायचा, बॅट-बॉल घ्यायचा, मुलांना भात आणि राजमा खाऊ घालायचा, आणि उरेल त्यातून मुलांना बोनस देऊन सही घ्यायचा. बोनस म्हणजे दिवाळीला मिळतो तो, एवढंच मला ठाऊक. पहिल्या वर्षी मी तो वर्षअखेरीला दाखवून ठेवला होता. काम सुरू व्हायच्या आधीच बोनस देतात हे पचायला मला वेळ लागला. बाकी कारभार ओळखीचा होता. आई किराणाच्या पैशांतून एखादं लुगडं काढायची, तसा स्काऊट पेट्रोलमधून एखादा मुलगा काढायचा.

रक्कम ठरायची ती वयावर. सतरा वर्षांचा मुलगा अजून वाढणार, खांदे भरणार, म्हणून त्याला पैसे जास्त. एकोणिसाव्या वर्षी दिसतं तेवढंच मिळणार, म्हणून कमी, किंवा काहीच नाही.

एका वर्षी दोन मुलांचे कागद एकदमच आले. दोघेही एकाच जागी खेळणारे. वर्ष संपत आलं होतं आणि फॉरेनमध्ये एका मुलापुरतेच पैसे शिल्लक होते. स्काऊटचं म्हणणं होतं, पहिला खरंच सतराचा असेल तर तोच घ्या, नसेल तर दुसरा. साहेबांनी दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले. "तू त्या बाजूचा आहेस. बघ बरं, खरे वाटतात का."

त्या बाजूचा! आमचं गाव आणि ते बेट यांच्यामध्ये अख्खी आफ्रिका पडलेली. पण साहेबांच्या लेखी जिथे घाम येतो ती सगळी एकच बाजू.

दुसऱ्याचा कागद स्वच्छ होता. चर्चमधली नोंद आणि सरकारी नोंद जुळत होती, आणि वय अठराच्या पुढे होतं. पहिल्याची जन्मनोंद नुकतीच केलेली होती, आणि सोबत कुटुंबाचा कागद होता. त्या कागदानुसार त्याचा पाठचा भाऊ त्याच्यानंतर पाच महिन्यांनी जन्माला आला होता.

मला आधी हसूच आलं. मग आमचे हेडमास्तर आठवले. मला शाळेत घालायला कुणीतरी मोठं केलं होतं, याला खेळवायला कुणीतरी लहान केलं होतं. दोघांनीही चांगल्या मनानेच केलं असणार. मी कागद परत दिला आणि म्हणालो, "ठीक वाटतो."

पहिल्याची सही झाली. दुसऱ्याला पुढच्या वर्षी बघू असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी तो आणखी मोठा झाला होता, मग त्याच्याकडे कोण बघतंय? पहिला मुलगा इथे आला, खालच्या टीममध्ये दोन उन्हाळे खेळला, खांदा दुखावून घरी परतला. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. मनात राहिला तो दुसरा, ज्याचं काहीही खोटं नव्हतं. मी दया केली होती खरी, पण ती त्याच्या खिशातून.

हे मी कुणाला सांगितलं नाही. दर एक जूनला ऑफिसात माझ्यासाठी चॉकलेट केक यायचा, सगळे गाणं म्हणायचे, मी सुरी फिरवायचो. अशी काही वर्षं गेली. टीम आता परदेशी मुलांवर जास्त खर्च करू लागल्या होत्या. वयाच्या लबाड्यांची चर्चा वाढली होती. एका एक जूनला केक कापून होताच साहेबांनी जाहीर केलं, "यापुढे फॉरेनचे सगळे कागद हाच तपासणार. याने ठीक म्हटलं की मी डोळे मिटून सही करतो."

टाळ्या झाल्या. मी माझा केकचा तुकडा तसाच बशीत ठेवला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "अहो, केवढं घाबरवलंत मला! तुमचा चेहरा बघून वाटलं, नोकरीच गेली."

"जाईलही, साहेबांना सांगितलं तर."

"मग सांगा. मला सांगून त्या मुलाला काय मिळणार?"

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सांगितलं. पाच महिन्यांचा भाऊ, हेडमास्तर, एक जून, सगळं. साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"पुन्हा पाच महिन्यांचा भाऊ दिसला तर आधी मला सांगायचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण दुसरा मुलगा कोण? मला काही आठवत नाही."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. मी जागेवर येऊन स्काऊटला फोन लावला.

"तो?" म्हातारा हसायलाच लागला. "अरे दोस्ता, तूच तर त्याला पोसतोयस! आपल्या मैदानावरच असतो. सकाळी मैदान झाडतो, दुपारी पोरांना चेंडू मारून देतो, झेल शिकवतो. चार वर्षं झाली."

"त्याचा पगार मी कधी पाहिला नाही."

"बॅट-बॉलमध्ये टाकतो मी. मग कुठे टाकू? तुझ्या त्या ओळीत माणसाला जागा आहे का?"

"सुखी आहे तो?"

"लग्न झालंय, मुलगी आहे. बरा आहे. खेळायला मिळालं असतं तर आणखी बरा असता. तुला खोटं कशाला सांगू?"

पुढच्या बजेटमध्ये मी फॉरेनची ओळ फोडली. प्रवास वेगळा, मैदान वेगळं, जेवण वेगळं, बोनस वेगळा, आणि 'प्रशिक्षक, पूर्णवेळ' अशी एक नवी ओळ, नीट पगाराची. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा कोण?"

"तुम्हाला आठवत नाही तो."

त्यांनी सही केली. डोळे उघडे ठेवून केली, हे मला आवडलं.

त्या मुलालाही सांगणं भाग होतं. मुलगा कसला, बाप्या झाला होता. फोनवर स्काऊट मध्ये बसून माझं इंग्रजी त्याला स्पॅनिशमध्ये सांगत होता. माझं सांगून संपलं. मग तो काहीतरी बोलला.

"तो विचारतोय, तुझा खरा वाढदिवस कधी?"

मी म्हणालो, पोळा. म्हणजे बैलांचा सण. त्या वर्षी तो कधी येतो, ते देशातून आलेल्या कॅलेंडरात बघून सांगितलं. त्या दिवशी खरंच त्याचा फोन आला. स्काऊट, तो आणि पाठीमागे दहाबारा पोरं स्पॅनिशमध्ये काहीतरी गात होती. घरी बायकोने पुरण घातलं होतं. इतक्या वर्षांत मला वाढदिवसाचं काही एवढं गोड लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याने त्याच तारखेला फोन केला. मी म्हटलं, अजून पोळा झाला नाही, या वर्षी तारीख वेगळी आहे, दर वर्षी वेगळीच असते. स्काऊटने ते त्याला समजावलं. दोघंही इतके हसले की फोन खाली पडल्याचा आवाज आला. मग म्हातारा कसाबसा म्हणाला, "तो म्हणतोय, याच्या वाढदिवसाचा पत्ता नाही, आणि हा आमचे कागद तपासत होता!"