उन्हात ठेवलेले मणी

नाजिया माह्या वरच्या खोलीत राहाले आली तवा मले वाटलं, पोरगी पार्लरवाली हाये. अजून हसू येते! बॅगेत काचेच्या नळ्या, पांढरी पावडर, रबरी मोजे. मी तं भुवया कोराले वर गेली, बाप्पा! ते म्हणे, "मावशी, याच्यानं भुवया नाही होत. डेंग्यू सापडते."

मूळ वरूडची. नोकरी अमरावतीच्या लॅबमंदी, अन् खोली घेतली अकोल्यात. काहून? तं इथलं ऊन जास्त! खोली पाहाच्या आधी तिनं माह्यं टिनाचं छप्पर पाह्यलं.

मोठा भाऊ होता तिचा, मोईज. ताप आला. खेड्यातल्या दवाखान्यात तपासणीच्या पट्टीवर काहीच उमटलं नाही, गोळ्या देऊन घरी धाडलं. डेंग्यूनं गेला बिचारा. पट्ट्या उन्हात गाडीतच पडून खराब झाल्या होत्या, हे मागून समजलं.

"पट्टीवर विषाणूले धरणारी अँटिबॉडी असते मावशी. उन्हानं ते दुधावाणी नासते."

म्हणून हे बाई प्लास्टिकचे बारीक मणी बनवे. विषाणूच्या प्रथिनाभोवती मणी थिजवाचा, मंग प्रथिन धुऊन काढाचं. कणकेत बोट दाबून काढलं की खड्डा राह्यते न, तसं. तो विषाणू आला की नेमका त्याच खड्ड्यात बसते.

"अन् ऊन सोसते का हे मणी?"

"तेच तं पाहून राह्यली."

मण्यायचा डबा सारा उन्हाळा टिनावर. मणी टिकले तं काम पुढं, नाही तं बंद, असं लॅबच्या सायबानं सांगून ठेवलं होतं.

उन्हाळा सरला, डबा अमरावतीले गेला. मणी जसेच्या तसे! सायबानं पेढे मागवले. नाजिया मातर पेढा हातात धरून डब्यातलं तापमान नोंदवणारं यंत्र पाहून राह्यली. सारा उन्हाळा डबा माठावाणी गार! म्हंजे मण्यायले ऊन लागलंच नव्हतं, टिकले कशाचे! कोणाले समजलं नसतं. हिनं सोताच सांगितलं. काम बंद.

घरी आली तं शेजारची वच्छला म्हणे, "अवो, पोरीचं सामान पोळत होतं! मी कुरड्या वाळवाले वर जावो, तवा रोज ओलं गोणपाट टाको डब्यावर. माठावर टाकतो तसं."

नाजिया तशीच वर गेली. जेवलीही नाही. मी लय चिडवून पाह्यलं, हसली नाही. लॅबची नोकरी सुटली, एका शाळेत शिकवाले लागली. काचेच्या नळ्यायची बॅग महिनेच्या महिने उघडलीच नाही.

अवंदा ऊन तापलं तशी उरलेले मणी घेऊन पुन्हा टिनावर चढली.

"तपासशीन कुठं व?" मी म्हटलं.

"मागीन कोणाची तरी मशीन."

वर वच्छला कुरड्यायसाठी धोतर अंथरून बसलेली. "हा कोपरा माह्या कुरड्यायचा हाये!"

"काकू, सावली न पडणारा कोपरा हाच एक हाये. कुरड्या अंगणात खाटेवर वाळतीन."

"खाटेवर बकरी तोंड घालते!"

"मंग बकरी बांधा. डबा इथंच राहीन."

वच्छलानं माह्याकडं पाह्यलं. मी मान फिरवली. पुटपुटत धोतर गोळा केलं तिनं, अन् उतरली खाली बकरी बांधाले.