मावशीची आगटी

आठवीत शाळा सुटली आणि पुढे चंद्रपूरकडून निघून मी इथे भिवंडीजवळ वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला लागलो. गोदामांच्या मागे एक पाडा आहे. तिथल्या एका वारली घराच्या परसात मला खोली मिळाली. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. मी त्यांना बाबा आणि मावशी म्हणायला लागलो. पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा मावशीनं रोज पेज करून पाजली. बाबा स्वतः गोदामात जाऊन सुपरवायझरला सांगून आले की पोरगा पडलाय, त्याची ड्युटी दुसऱ्याला देऊ नका.

बरा झालो आणि मला घोर लागला. यांचे उपकार फेडायचे कसे? नाही फेडले तर ही माणसं मनात काय म्हणतील? मला घोर लागायला फार काही लागत नाही. नळ गळायला लागला तरी वाटतं, माझ्याच हातून बिघडला असणार.

शेवटी धीर करून मावशीला विचारलं, तुमच्यासाठी काय करू? ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या खोलीपायी माझी आगटी गेली. दिवाळी झाली का एक करून दे, पोरा."

मला ऐकू आलं अंगठी. मावशीचे पुढचे दोन दात नाहीत, मागे रस्त्यावर कंटेनर घरघरत होते, आणि आगटी हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे माझी खोली बांधायला या बाईनं बोटातली अंगठी मोडली! त्या दिवसापासून मला खोलीच्या भिंतींकडे बघवेना.

अंगठी करायची तर माप हवं. गोदामातून पोती शिवायचा दोरा आणला आणि गप्पा मारता मारता मावशीच्या बोटाला गुंडाळला. हे काय, म्हणून तिनं विचारलं. मी घाबरून सांगितलं की आमच्याकडे सांधे दुखले की बांधतात. तिनं लगेच बाकीची बोटंही पुढे केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी दोऱ्यासाठी दारात हजर. मावशी सगळ्यांना सांगत होती, लई गुण आला. मी मान खाली घालून गाठी मारत बसलो.

दिवाळी झाली तशी भिवंडीच्या बाजारातून चांदीची अंगठी आणून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली. ही कशाला, म्हणाली. मी म्हणालो, तुम्हीच म्हणालात ना, माझ्या खोलीपायी गेली म्हणून.

आधी बाबांना उमगलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मावशीला म्हणाले, "लगीन होऊन जन्म गेला, मी न्हाय तुला अंगठी घातली. भाडोत्र्यानं घातली बग."

मग मला कळलं. परसात खड्डा करून थंडीत पेटवतात, त्याभोवती बसून शेकतात, ती आगटी. आमच्याकडे तिला शेकोटी म्हणतात. मावशीची जुनी आगटी होती तिथेच माझी खोली बांधली. बाबांनी जागासुद्धा दाखवली, बरोबर माझ्या खाटेखाली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. राग आला का, असं दोनदा विचारलं. मावशी म्हणाली, राग कसला, सुट्टीला पहार घेऊन ये.

सुट्टीच्या दिवशी खणायला घेतलं. मी भिंतीलगत सुरुवात केली तर बाबांनी मला जवळच रचलेला पेंढ्याचा उडवा आणि वाऱ्याची दिशा दाखवली आणि पार दुसऱ्या टोकाला नेलं. गुडघाभर खोल खड्डा झाला. कडेनं दगड मांडले, फटींत माती ठोकली. मी गोदामातून विचारून मोडक्या पॅलेटच्या फळ्या आणल्या होत्या, त्या बाबांनी बाजूला टाकल्या. औषध मारलेलं लाकूड, त्याचा धूर छातीत बसतो, म्हणाले. मावशीनं कडेला तांदळाचे चार दाणे ठेवले आणि सुकी काटकी पेटवली.

अंगठी काही तिच्या बोटात जाईना. मी दोरा बोटाच्या मुळाशी गुंडाळला होता, पेर सुजलेलं आहे हे ध्यानातच आलं नाही. शेवटी ती करंगळीत बसली, तीही जरा सैल. तसल्याच हातानं मावशी निखाऱ्यांतली रताळी उलटत होती आणि माझा जीव खालीवर होत होता.

"मावशी, अंगठी काढून ठेवा," मी म्हणालो, "आगटीत पडेल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "शिकला पोरगा," म्हणाले.

मावशीनं अंगठी काढली नाही. एक रताळं माझ्यापुढे लोटलं आणि म्हणाली, आता पुढच्या थंडीलाही इथंच राहायचं, लाकडं कोण आणील? मी रताळं घाईनं उचललं आणि हात पोळून घेतला. बाबा पुन्हा हसले.