डोहाळे नव्हते ते

मी पाटीवरची पेन्सिल खाते हे सासूबाईंना कळलं, आणि घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

महाळुंग्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मी, नवरा, पहिलीतली लेक आणि लातूरकडून आमच्याकडे आलेल्या सासूबाई. मी गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाईनीवर काम करते. आमच्या लाईनीवरच्या निम्म्या बायका पेन्सिली खातात. एप्रनच्या खिशात तुकडा ठेवायचा आणि सुपरवायझरची पाठ फिरली की दाताखाली घ्यायचा. गेटवर झडती घेणारी बाई एकदा म्हणाली, "आत शाळा भरवता का गं?" आम्ही पोट धरून हसलो. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी लेकीच्या कंपासमधली पाटीची पेन्सिल चघळत असताना सासूबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "डोहाळे लागलेत तुला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या पिशवीतून मूठभर पेन्सिली काढून माझ्या हातात ठेवल्या. "मला बी लई आवडत्यात."

कसले डोहाळे? पाळी दर महिन्याला येत होती, आणि कशी येत होती ते विचारू नका. पॅड तासाभरात भरायचं. जागेवर उभी राहायला बदली बाई मिळेपर्यंत बाथरूमला जाता यायचं नाही, तोवर जीव टांगणीला. घरचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागायचं आणि छाती अशी धडधडायची की जणू कुणी मागे लागलंय. ओठांचे कोपरे फाटलेले, हात गार, कंगव्यात केसांचे पुंजके. एक दिवस लाईनीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली क्रेटवर बसले. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, ड्रामा नको."

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मेडिकलमधून टॉनिक आणतो." सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला असंच ऱ्हातंय. मला बी जिना चढवत न्हाई. मी गेले का कधी दवाखान्यात?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आईकडून ऐकलं, मावशीकडून ऐकलं, आता इथेही तेच. म्हटलं, "तुम्ही गेला नाहीत म्हणून मीही जायचं नाही, हा कुठला न्याय? टॉनिक ज्याला हवं त्याने प्यावं. मला काय झालंय ते मला कळलं पाहिजे." गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी लेकीला नवऱ्याकडे सोडलं आणि पिंपरीला, संत तुकाराम नगरला एका डॉक्टरीणबाईंकडे निघाले. सासूबाई नवी साडी नेसून आधीच दारात उभ्या. गोड बातमी त्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकायची होती.

डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिला, नखं पाहिली, पाळीचं विचारलं. मग म्हणाल्या, "माती, पेन्सिल, बर्फ असलं काही खावंसं वाटतं?" मी गारच पडले. हे यांना कसं कळलं?

दुपारी रिपोर्ट आला. दिवस गेले नव्हते. हिमोग्लोबिन सात होतं, बारा तरी हवं होतं. अंगात लोह कमी पडलं की असली खा खा सुटते, त्या म्हणाल्या. एवढं का जातंय ते शोधायला सोनोग्राफी लिहून दिली, आणि गोळ्या. गोळीवर आणि जेवणावर लगेच चहा नको. आमच्या कंपनीत तर ताट उचललं की चहाचा कप हातात. "आणि बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर त्याच दिवशी या. गुरुवारची वाट बघू नका."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. नातवाची आशा मावळली. त्यांनी उसासा टाकला, पिशवीत हात घातला आणि एक पेन्सिल काढून तोंडात टाकली.

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. "आजी, तुम्हीपण खाता?"

"मग? या वयात मला कसले डोहाळे?" सासूबाई हसल्या. आम्ही दोघी हसलो नाही.

त्यांची पापणी ओढली तर आत लाली नावालाही नव्हती. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मग रक्त जात होतं कुठे? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गुडघ्यांसाठी काही घेता?" घेत होत्या. मेडिकलमधली दुखण्याची गोळी, रोज, उपाशीपोटी, आमचेच हे आणून द्यायचे. "शौचाला काळं होतं का?" सासूबाईंनी मान खाली घातली. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "डांबरासारखं. लई दिवस झाले."

पोटातून रक्तस्राव होत असणार, आजच ऍडमिट करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी नवऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, "आई पहिल्यापासून अशीच आहे. घरी घेऊन ये, उद्या बघू."

मी म्हटलं, "पहिल्यापासून अशी आहे म्हणूनच उद्या नाही. मी त्यांना घेऊन येणार नाही. यायचं तर तुम्ही इकडे या." आणि फोन ठेवला. लग्नानंतर त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. फार बरं वाटलं.

"घरी जाऊ की गं," सासूबाई माझा हात ओढत होत्या. "मला काय झालंय?"

"आत्या, आज माझं ऐकायचं."

ऍडमिट केल्यावर तपासणीत पोटात जखम निघाली. गुडघ्याची गोळी बंद झाली, रक्त चढवलं. माझ्याही गोळ्या चालू झाल्या. एका सकाळी डबा घेऊन गेले तर सासूबाई खाटेवर उठून बसलेल्या, खिडकीच्या उजेडात हात धरून तळवा निरखत होत्या. मला बघून त्यांनी तो पुढे केला.

"लाल दिसतोय गं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझा रंगच पांढराफट हाय."