बंगईले जवसाचं तेल

मी भिलाईले निघालो त्या दिवशी अर्धं गाव ठेसनावर होतं. मले वाटलं, माह्यासाठीच आलं. छाती फुगली, डोळ्यात पानी आलं. मंग समजलं, बाजाराचा दिवस होता. माय मात्र माह्यासाठीच आली होती. लाडूचा डब्बा हातात देला अन् म्हणाली, "घर कोठी जात नाही बाप्पा, तूच जाऊन राहिला."

तुमी गावातले लोकं इचारता, भिलाईत मी काय करतो. इथंच जवळ जामुलले सिमेंटच्या कारखान्यात लागलेले आपल्या गावचे भाऊ तं मले इंजिनेरच समजतेत. घ्या ऐकून. मी पेंटर आहो. चित्राचा नाही, रेलिंगचा. ठेकेदाराच्या हाताखाली लोखंडाले पहिले रेड ऑक्साइड, त्याच्यावर इनॅमल, वीस-बावीस साल हेच करून राहिलो. कॅम्प वन नावाच्या वस्तीत दोन खोल्या आहेत. बाहेर हिंदी बोललो का इथले हासतेत, गावाले मराठी बोललो का तुमी हासता. दोन भाषा येतेत मले, दोनी चुकीच्या.

बाप गेल्यावर माय गावात एकटी. भिलाईले ये म्हटलं का म्हणे, "तिथं मी बसू कायच्यावर?" तिले बसाले बंगई पाहिजे. सागवानाची रुंद फळी, चार कड्या, चार साखळ्या. दुपारी झोका घेता घेता तिथंच डुलकी लागे तिले. मोठ्या मुश्किलीनं आठ दिवसासाठी तयार झाली. मी गावच्या घरातली तिची बंगई पहिलेच आणली अन् लोखंडी फ्रेम बनवून टांगली.

इथल्या उजेडात पाहिलं तं फळीची चमक पार गेलेली. मधात पांढरी, कडेले काळी, पान्याचे डाग. मले लाज वाटली. माय एवढ्या दुरून येऊन असल्या फळीवर बसन? मंग जे येते तेच केलं. एक हात रेड ऑक्साइड, दोन हात हिरवं इनॅमल.

बायको म्हणाली, "अवो, बंगई आहे का कारखान्याचं फाटक?"

मले वाटलं तारीफ करून राहिली.

माय आली, बसली. पावसाचे दिवस, पेंट अंदरून कच्चाच. इकडं तिकडं पाहून म्हणते, "अन् बंगई कोठी ठेवली रे?"

"माय, तू बसली कायच्यावर?"

तिनं फळीच्या खालून हात फिरवला. खाली मी पेंट मारलाच नव्हता, आळस माहा जुना दोस्त. तिथं तिचा हात थांबला. उठाले गेली तं लुगडं चिकटलेलं, चर्रकन् सुटलं. मी हासलो. ती नाही हासली. "पोरानं मेहनत केली," एवढंच बोलली, अन् संध्याकाळी सुनेले इचारलं, "परवा सकाळी गोंदियाची गाडी किती वाजता आहे वं?"

आठ दिवसाचे दोन झाले. अन् मले समजलं, आता गेली तं माय पुन्हा भिलाईले येत नाही.

म्हटलं, "माय, हा रंग काढून देतो, मंग जा." रिमूव्हर लावला, पत्र्यानं खरडलं, पॉलिश पेपर घेतला. लोखंडाची सवय, मी आडवाच घासत होतो. माय दाराशी बसून पाहे. शेवटी तिले राहावलं नाही.

"आडवा कावून घासून राहिला? लाकडाच्या रेषेसंगं चाल ना! तुहा बाप दर पोळ्याले करे, तवा तू डोळे मिटून राहे का?"

डोळे उघडेच होते, पण पुरणपोळीवर.

जवसाचं तेल. इथं त्याले अलसी म्हणतेत. बाप जुन्या धोतराच्या बोळ्यानं पातळ हात मारे, वरचं तेल पुसून घे, अन् बोट चिकटनं बंद झालं का दुसरा हात. बाप गेल्यावर कोणी मारलाच नाही, म्हणून फळी तशी झाली होती. मायनं हे सांगितलं अन् बोळा माह्या हातातून हिसकून घेतला. "हट. हा एक हात सुकला का जातो मी."

पावसात तेल लवकर सुकते का? सुकलं तं लाकूड अजून तहानलेलंच. दुसरा हात. मंग तिसरा. मी ठेकेदाराचा माणूस, काम लांबवनं मले चांगलं येते. माय दुपारी लवंडली का मी अजून थोडं तेल चोपडून ठेवो. एक दिवस पकडला गेलो.

"एवढं तेल! फळीवर भजे तळतं का?"

मी मान खाली घातली. तिनं वरचं तेल पुसून टाकलं. पण गाडीचं नाव नाही काढलं.

पोळा झाला, उघाड पडली. फळी गुळाच्या भेलीसारखी दिसून राहिली. कडीजवळ एक हिरवा ठिपका राहून गेला, तो खरडाले गेलो तं माय म्हणते, "राहू दे. अंगठेबहाद्दराची सही आहे."

काल सकाळी तिनं फळीवर बोट टेकवलं. फळी खडखडीत सुकलेली, दुरूनच दिसत होतं. तिनं बोट उचललं, पदराले पुसलं. पुसाले काही नव्हतं.

"वली आहे रे अजून."

"हाव माय," म्हटलं. "वलीच आहे."

मंग त्याच वल्या फळीवर मांडी घालून बसली, अन् सुनेले आवाज देला, "चहा ठेव वं."

तुमी फोनवर इचारता, माय घरी कवा येते. काय सांगू? घरी बसून चहा पिऊन राहिली.