दारबंद विणकराची गाठ

मागावरचा धागा तुटला की तो विणकर आधी उठून दार लावायचा आणि मगच गाठ मारायचा. ती गाठ म्हणजे घराण्याची ठेव. सख्ख्या भावालाही त्यानं कधी दाखवली नव्हती. गल्लीनं त्याचं नावच पाडलं होतं, दारबंद.

एकदा व्यापाऱ्यानं समुद्रापलीकडचं एक जुनं कापड त्याला नमुन्यादाखल दिलं. दारबंदनं सवयीनं ते उलटं करून पाहिलं. मागच्या बाजूला ठिकठिकाणी त्याचीच गाठ!

दिवसभर तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. "भावानंच चोरून पाहिली असणार!"

"अहो, हे कापड तुमच्या आजोबांहून म्हातारं आहे," बायको वैतागली. "तुमचे पूर्वज मिठाच्या तांड्याबरोबर इथे आले ना? वाटेत कुणाच्या तरी मागावर बघूनच शिकले असतील. त्या माणसानं दार लावलं असतं तर?"

त्यानं कापड पुन्हा डोळ्यांशी धरलं. त्या गाठीला एक वेढा जास्त होता. त्यानं तसाच वेढा देऊन ओढून पाहिलं. धागा तुटला, पण गाठ काही सुटली नाही.

तो लगबगीनं उठला. बायकोला वाटलं, आता भावाला हाक मारणार.

त्यानं दाराला कडी घातली.